खंदकातलं बारसं

नोव्हेंबर मला आवडत नाही, सरळ सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे करतात, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा होतो न होतो तोच बाहेर दिवे लागतात. ऊन म्हणजे काय ते मार्चपर्यंत विसरायचं. सुपरमार्केटच्या दारात सिंटरक्लासच्या सणाची बोटाच्या पेराएवढी मसालेदार बिस्किटं रचून ठेवलेली असतात. त्यांचा दालचिनी-लवंगांचा वास नाकात गेला की माझा डावा खांदा दुखायला लागतो. माझी लेक हसते. मी मराठीत सांगते, दुखतोय गं खरंच, आणि ती डचमध्ये उत्तर देते की आई, जरा नॉर्मल वाग.

पण खांदा खरंच दुखतो. दोन हजार चार सालचा अख्खा नोव्हेंबर मी डाव्या कुशीवर पडून काढला. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती.

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. एक बेडरूम, एक बसायची खोली, त्यातच कोपऱ्यात ओटा, आणि एक बाल्कनी. समोर तसलीच दुसरी इमारत, मध्ये मेट्रोचा पूल, आणि त्यावर झाकण ठेवल्यासारखं राखाडी आभाळ. नवऱ्याच्या परवान्यावर आलेली बायको म्हणून माझ्या पासपोर्टात शिक्का होता, त्यावर काम करायची मुभा नाही असं लिहिलेलं. पुण्यात मी सात माणसांची टीम चालवत होते, इथे मी वॉशिंग मशीन चालवत होते. त्यात सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला. सुईण आली, दंडाला पट्टा गुंडाळून मोजलं आणि गोड हसून म्हणाली, आता पडून राहायचं, डाव्या कुशीवर. किती दिवस? तर बाळ येईपर्यंत. मुक्कामाचा परवाना वाढवायला टाकलेला, पासपोर्ट परवान्याच्या कचेरीत, म्हणजे भारतात जायचीही सोय नाही. पलंग बसायच्या खोलीत आणला, खिडकीशी. तेवढीच माझी दुनिया.

आणि त्या दुनियेत बाबा होते.

बाबा म्हणजे निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडचे. त्याच्या पाच वर्षं आधी मी सुमेधशी लग्न केलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं होतं की तू मला गेलीस. मी मराठ्याची, सुमेध बौद्ध. एका कॉलेजात शिकलो, एका कंपनीत लागलो, रजिस्टर लग्न केलं. त्याच्या घरचे सगळे आले, माझ्याकडून फक्त एक मैत्रीण. आई मात्र चोरून फोन करायची, गिरणीशेजारच्या बूथवरून, मागे गिरणीच्या पट्ट्याची घरघर. आदल्या वर्षी ती गेली. जाताना तिने बाबांकडून वचन घेतलं, पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरानं करायचं. आता मीच जाऊ शकत नाही म्हटल्यावर माहेर विमानात बसून माझ्याकडे आलं. डोक्याला माकडटोपी, हातात लष्करी ट्रंक, ट्रंकेत ज्वारीचं पीठ, डिंक, आळीव, आणि स्वतःचं ताट-तांब्या. विमानतळावर सुमेध ट्रॉली घेऊन पुढे झाला. बाबांनी ट्रंक खाली ठेवलीच नाही. रिकामी ट्रॉली ढकलत सुमेध आमच्यामागून चालत आला.

त्या दिवसापासून त्या दोघांमध्ये मी. भांडण म्हणाल तर एक शब्द नाही. भांडले असते तर बरं झालं असतं! दोघं इतके सभ्य वागायचे की अंगावर काटा यायचा. बाबा मला म्हणायचे, त्यांना सांग, न्हाणीघर मोकळं झालंय. सुमेध दोन हातांच्या अंतरावर उभा, त्याला ऐकू गेलेलं. तरी मी ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचवायचं. मग तो मला सांगायचा, बाबांना विचार हीटर वाढवू का. बाबांनाही ऐकू गेलेलं. दिवसातून चाळीस वेळा हा खेळ. मी पोटावर हात ठेवून पडलेली, आणि बाळ आतून लाथा मारतंय.

मी उभी होते तोवर स्वयंपाक मी करत होते आणि बाबा माझ्या हातचं जेवत होते. मी आडवी झाले आणि ओटा सुमेधकडे गेला. त्याच्या हातचं बाबा खाईनात. सकाळी तो ऑफिसला गेला की ते उठायचे, आपला वेगळा तवा काढायचे, दोन भाकरी थापायचे, आणि त्या दोन भाकरी, लसणाची चटणी आणि दूध यावर दिवस. सुमेध रात्रीचा वरण-भात करून ताट झाकून ठेवायचा, रोज. सकाळी तो ते तसंच काढून स्वतःच्या डब्यात भरायचा. बाबांच्या कोपराची हाडं दिसायला लागली. मी पडल्या पडल्या हे बघत होते आणि काही करू शकत नव्हते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, या माणसाला ह्याच्या हातचा भात चालत नाही, मग ह्याचं मूल कसं चालेल? बाळाला ते मांडीवर घेतील की दुरूनच बघतील? आणि दुरून बघितलं तर माझं या जन्मात त्यांच्याशी काही उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा मी सुमेधला म्हटलं, तू जरा नमतं घे ना, पाया पड एकदा. तो भांडी विसळत होता. नळ बंद केला त्याने.

"माझ्या आजीला पाण्यासाठी तुमच्यासारख्यांच्या विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं, वैशू. कोणी वरून ओतेल तेवढं घ्यायचं. भाड्याचा का असेना, हा फ्लॅट माझ्या नावावर आहे. इथे मी लांब उभा राहणार नाही. आणि तुझ्या बाबांना उपाशीही ठेवणार नाही. ताट रोज वाढणार."

  बरोबरच होतं त्याचं.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा मी सहज बोलून गेले की लहानपणी बाबा रजेवर असले की आमच्या अंगणातला किल्ला गल्लीत सगळ्यात उंच असायचा. कोणाला उद्देशून बोलले नव्हते. शनिवारी सुमेधने बाल्कनीत कुंडीच्या मातीची दोन पोती आणून टेकवली आणि काही न बोलता आत गेला. बाबा बराच वेळ त्या पोत्यांकडे बघत राहिले. मग बाह्या सरसावून बसले. पण इथली पोत्यातली माती भुसभुशीत, बुरूज उभा राहीना. बाबांनी मला सांगितलं, हा भुसा आहे, माती नव्हे. मी काही पोचवलं नाही, कंटाळा आला होता. पोचवायची गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी सुमेध सायकल काढून गेला आणि कुठल्याशा कालव्याच्या काठी खणकाम चाललं होतं तिथून दोन्ही पिशव्या भरून चिकणमाती घेऊन आला. निळसर, लोण्यासारखी. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. इथल्या सुपरमार्केटात सॅलडमध्ये घालायला उगवलेला आळीव छोट्या खोक्यात मिळतो, तोही चार खोकी आणला होता, किल्ल्यावर हिरवळ म्हणून. बाबांनी एक खोकं उचलून वास घेतला. 

चार दिवस बाल्कनीचं दार अर्धं उघडं असायचं आणि ओल्या मातीचा वास पलंगापर्यंत यायचा. माझ्या त्या तुरुंगात तेवढीच काय ती खिडकी. थंडी मरणाची, पण मी दार लावू दिलं नाही. आजही कुठे रस्ता खणलेला दिसला की मी सायकल थांबवते आणि उगीच उभी राहते. लोकांना वाटत असेल बाईचं काही हरवलंय.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी किल्ला पुरा झाला. सुमेध ऑफिसात होता, इथे कसली दिवाळीची सुट्टी! बाबा हात धुऊन पलंगाशी स्टूल घेऊन बसले, आणि किल्ल्याकडे बघत, मला न विचारता बोलायला लागले. ही हकिगत त्यांनी आईलासुद्धा सांगितली नव्हती.

एकाहत्तरची लढाई थांबून वर्ष होत आलं होतं, तरी फौजा हलल्या नव्हत्या. पंजाबात एका कालव्याच्या अलीकडे बाबांची तुकडी, पलीकडे पाकिस्तानी. दोन्हीकडे खंदक. डोकं वर काढलं की समोरच्याचं डोकं दिसायचं. नवं बांधकाम करायचं नाही असं ठरलेलं, आणि एवढ्यातेवढ्यावरून गोळी सुटायची. वर्षभर त्या चरात बसून माणसं आंबून गेली होती. दिवाळी आली तशी पोरांना घरची आठवण अनावर झाली. बाबा तेव्हा नाईकच्या हुद्द्यावर होते. त्यांनी पोरं जमवली आणि खंदकामागच्या उंचवट्यावर खणलेल्या मातीचा किल्ला बांधला. बांधला म्हणजे काय, छातीएवढा! चार बुरूज, तटबंदी, बांबूच्या नळ्यांच्या तोफा, वर मोहरी पेरलेली. मातीचे मावळे. हौस म्हणजे हौस.

पलीकडच्यांनी दुर्बिणीतून काय बघितलं असेल? एका रात्रीत उभे राहिलेले बुरूज आणि त्यातून आपल्याकडे वळलेल्या नळ्या. सकाळी पलीकडे धावपळ उडाली, मशीनगनवरची आच्छादनं निघाली. आमच्याकडेही सगळे आपापल्या जागी गेले. बाबा म्हणाले, तासभर असा गेला की आपल्या एका पोरखेळापायी दोन्हीकडची पोरं मरणार. मग पलीकडून पांढरं निशाण आलं. मोडक्या पुलावर दोन्हीकडचे अधिकारी भेटले. त्यांची तक्रार एकच, तुम्ही नवी चौकी बांधलीत. आमच्या कॅप्टनसाहेबांनी खिशातून मातीचा एक मावळा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाले, ही आमच्या चौकीची फौज. आमच्याकडे दिवाळीला पोरं हे करतात. तो पाकिस्तानी अधिकारी आधी लाल झाला आणि मग असा हसला की अलीकडे खंदकात ऐकू आलं. मावळा त्याने परत दिला नाही, बरोबर घेऊन गेला.

त्या संध्याकाळी आमच्या पोरांनी तुपाच्या डब्यावर ठेका धरला आणि लावणी म्हटली. संपल्यावर पलीकडून टाळ्यांचा कडकडाट, आणि मग त्यांचं एक गाणं, पंजाबी, उडत्या चालीचं. मग आमचं एक, त्यांचं एक. वर्षभर जिथून फक्त शिव्या यायच्या तिथून गाणी येत होती. कोणीतरी बाबांना म्हणालं, नाईक, तुम्ही म्हणा. बाबांच्या खिशात घरचं पत्र होतं. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. बोटांवर मोजून त्यांना कळलं होतं की आज बारावा दिवस, आज गावी बारसं असणार. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. बारशाला बायका म्हणतात तो पाळणा त्यांनी म्हणायला घेतला. मिशावाला गडी, खंदकात बसून पाळणा म्हणतोय. आपलीच पोरं हसायला लागली, मग हसायची थांबली.

पलीकडून कोणीतरी हाक मारून विचारलं, "ओ मरहट्टे, ये कौन सा गाना है?"

बाबांनी ओरडून सांगितलं, "लड़की हुई है. आज नाम रख रहे हैं."

 मग तोच आवाज गायला लागला, हळू. बाबांना शब्द कळले नाहीत, पण पाळण्याची दोरी ओढतात तो ठेका कळला. त्याचंही कुठे तरी लहान लेकरू असेल.

दोन दिवसांनी ईद होती. पुलावर एक पत्र्याचा डबा ठेवलेला सापडला. आत शेवया, दुधात शिजवलेल्या, खजूर घातलेल्या. "लड़की के लिए" असा निरोप. लेकीचा बाप म्हणून डबा बाबांच्या हातात आला. त्यांनी खाल्ल्या, पोरांना वाटल्या, डबा घासून परत पुलावर ठेवला.

ती लडकी म्हणजे मी. बत्तीस वर्षांची, सहाव्या मजल्यावर, डाव्या कुशीवर. मी ऐकत होते आणि डोळ्यांतून पाणी उशीत चाललं होतं, आणि त्या पाण्यातूनच मला असा काही संताप आला की विचारू नका.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्यावर बंदूक रोखून बसला होता तो. त्याच्या हातच्या शेवया तुम्ही खाल्ल्यात. तुमच्या जावयाने तुमचं काय वाकडं केलंय? तो रोज ताट वाढतोय."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. नखांतली माती काढत बसले.

"तो परका होता गं," ते म्हणाले. "परक्याच्या हातचं खाणं सोपं असतं. खाल्लं, डबा धुऊन परत दिला, आपापल्या खंदकात जाऊन बसलो. ह्याच्या हातचं एकदा खाल्लं की मग मी कुठं जाऊन बसू?"

मी उजव्या कुशीवर वळले. सुईणीने मना केलं होतं तरी वळले, भिंतीकडे तोंड करून.

त्या वाक्याने मला आजवर सोडलेलं नाही. बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली, तरी नोव्हेंबरात भांडी घासताना मी त्यांच्याशी त्यावरून वाद घालते. सणापुरती बंदूक खाली ठेवणं सोपं, कारण ती कुठे ठेवलीय हे माहीत असतं, सण संपला की उचलता येते. आमच्या घरात त्या महिन्यात तेच तर चाललं होतं. ‘त्यांना सांग’, ‘बाबांना विचार’. कोणी कोणाला दुखवत नव्हतं, आणि त्या न दुखवण्यात आम्ही तिघं कोंडलेलो होतो. मला राग त्यांच्या आडमुठेपणाचा होताच, पण जास्त राग याचा होता की ते खरं बोलले. गावातला माझा बाप परत गावात राहायला जाणार होता. पारावर बसणार होता. तिथे त्याला जाब विचारणारे होते.

पुढचा महिना कसा गेला म्हणून विचारलं तर मला फक्त आवाज आठवतात. काचेवर वाजणारा पाऊस, मेट्रोचा दर दहा मिनिटांचा धडधडाट, बाबांची भाकरी थापल्याचा थपथपाट, संध्याकाळी कुलपात फिरणारी सुमेधची किल्ली, आणि ताटावर ताट झाकल्याचा खण्ण आवाज. किल्ल्यावरचा आळीव वाढून लोंबायला लागला, मग पिवळा पडला. बाबा रोज त्याला पाणी घालत राहिले. ताटाला शिवले नाहीत.

डिसेंबरच्या मध्यावर रक्तदाब फारच चढला आणि हॉस्पिटलात न्यावं लागलं. बाबांना एकट्याला घरी ठेवून आम्ही गेलो. जाताना त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मुलगी झाली. दोन दिवसांनी घरी आलो तर लिफ्टसमोरच्या उघड्या गॅलरीत, त्या बोचऱ्या वाऱ्यात, बाबा माकडटोपी घालून उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे, नाक लालभडक झालं होतं. सुमेधच्या हातात बाळ होतं. तो थबकला. मीही थबकले. तो पुढे झाला नाही. जागच्या जागी उभा राहून त्याने बाळाची दुपटी जरा बाजूला केली, तोंड दिसेल एवढी. बाबाच चार पावलं चालत आले आणि दोन्ही हात पुढे केले. सुमेधने त्यांच्या हातांत बाळ दिलं.  

संध्याकाळी मी आत बेडरूममध्ये पडले होते, बाळ कुशीत. ओट्याकडून फोडणीचा चर्र आवाज आला, मग ताटं मांडल्याचा. रोजच्यासारखं झाकण ठेवल्याचा आवाज येईल म्हणून मी कान बंद करून घ्यायच्या बेतात होते. तो आला नाही. खुर्ची सरकली.  आणि मग बाबांचा कवायतीच्या मैदानावरचा आवाज, थेट.

"अरे, डाळीत मीठ घातलंस का विसरलास?"

बाळ दचकलं. मी उठून बसले.

"वैशूच्या बीपीमुळे कमी घातलंय," सुमेधचा आवाज.

"मग माझ्या ताटात वेगळं घाल की. बाळंतीण मी आहे का?"

"बरणी समोर आहे. घ्या हाताने."

बाबा म्हणाले, ह्या वयात गुडघे धरून मी उठू होय? सुमेध म्हणाला, अडीच महिने भाकरीसाठी उठत होतात तेव्हा गुडघे कुठे गेले होते?  आता ताट ढकलून उठतात की काय! बाबा म्हणाले, फार शहाणा आहेस, लसूणही जाळलास, आमच्याकडं असा जाळत नाहीत. सुमेध म्हणाला, आमच्याकडे असाच जाळतात, उद्या तुम्ही करा. आवाज चढत गेले. शेजारच्या बाईने भिंतीवर टकटक केली. दोघांपैकी एकानेही निरोप पोचवायला मला हाक मारली नाही.

मग भांडण मध्येच थांबलं, आणि पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज आला.

"बास का?" सुमेधने विचारलं.

"अजून एक पळी वाढ," बाबा म्हणाले.